टाचेखालची वीतभर जागा : ट्रॅकवर नेल्या जाणाऱ्या मोटारीचा तळ कसा जपावा

जुनी मोटार पारखणारा जाणकार मिस्त्री किलोमीटरचा आकडा पाहण्याआधी चालकाच्या पायाशी वाकून पाहतो. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवरील रबर किती गुळगुळीत झाले आहे, ॲक्सिलरेटरखालच्या कार्पेटला टाचेने किती खळगा पाडला आहे, यावरून गाडी खरोखर किती चालली असावी याचा अंदाज त्याला येतो. मीटरचा आकडा फिरवता येतो. टाचेचा खळगा लपवायचा तर सगळे कार्पेटच बदलावे लागते. रोजच्या वापरात हा खळगा पडायला काही वर्षे जातात. तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर वारंवार नेली, तर त्याच जागी कार्पेट विरून खालचा फोम दिसू लागण्यास फार वेळ लागत नाही.

बेळगाव आणि निपाणीच्या पट्ट्यात हा विषय पूर्वी कोणाच्या कामाचा नव्हता. आता तो आहे. निपाणीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर कोल्हापुरात मोहितेज रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही तेथे झाल्या आहेत. कोल्हापूरच्याच कृष्णराज महाडिक यांनी ब्रिटिश एफ-३ मालिकेपर्यंत मजल मारली. कार्टिंगमध्ये हात बसलेला तरुण पुढे स्वतःची साधी मोटार घेऊन मोठ्या ट्रॅकवर जाण्याची स्वप्ने पाहतो. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा, तर ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. या ठिकाणी स्पर्धेखेरीज हौशी चालकांसाठीही दिवस राखलेले असतात. गाडी नेण्यापूर्वी इंजिन ऑइल, ब्रेक पॅड, टायर यांची चौकशी सगळे करतात. पायाखाली काय आहे हे मात्र बहुधा कोणी पाहत नाही. वास्तविक तेथील हयगय ब्रेकइतकीच महागात पडू शकते.

टाच झिजवते कशी

रस्त्यावर चालकाचा उजवा पाय बराच वेळ एका जागी स्थिर असतो. टाच टेकलेली, चवडा पेडलवर. ट्रॅकवर हे चित्र पालटते. वळण आले की जोराचा ब्रेक, गिअर खाली, पुन्हा रेस. कसलेले चालक तर चवड्याने ब्रेक दाबून धरत त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटरला हलका झटका देतात, म्हणजे गिअर उतरताना इंजिनाची गती चाकांशी जुळते आणि गाडीला हिसका बसत नाही. ही हालचाल करताना पाय टाचेवर फिरतो, आणि तोही अंगाचा भार त्या टाचेवर पडलेला असताना. एका फेरीत अशी आठ वळणे धरली आणि एका सत्रात दहा फेऱ्या, तर टाच एकाच जागी ऐंशी वेळा घासली. दिवसाला चार सत्रे झाली तर तीनशेवीस वेळा. शिवाय वळणात शरीर बाहेर फेकले जाऊ नये म्हणून चालक डाव्या पायाने तळाशी जोर देऊन स्वतःला रोवून धरतो, त्यामुळे क्लचच्या डावीकडील पाय ठेवण्याची जागाही घासते. शर्यतीच्या गाडीसारखे खोल आसन आणि अनेक पट्ट्यांचा बेल्ट साध्या गाडीत नसतो. त्यामुळे हा रोवून धरण्याचा भार अधिकच वाढतो.

कार्पेटखाली काय असते हे समजले की झीज केवळ दिसण्यापुरती का राहत नाही, ते कळते. सर्वांत खाली पोलादी पत्रा, त्यावर रंग व सांध्यांवर सीलर, मग आवाज दाबणारे डांबरी थर, त्यावर फोम किंवा नमदा आणि शेवटी साच्यात दाबून बसवलेले कार्पेट. बऱ्याच कंपन्या टाचेच्या जागी कार्पेटवर रबरी किंवा व्हायनिलची एक चकती कारखान्यातच चिकटवून देतात. ही चकती फाटली की टाच कार्पेटच्या धाग्यांवर येते. ते विरले की फोमवर. फोम पाणी शोषतो आणि सहजी सोडत नाही. खानापूरकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला बुटांबरोबर गाडीत किती पाणी येते हे वेगळे सांगायला नको. ओला फोम पत्र्याला महिनोन्महिने चिकटून राहिला, तर रंगाखाली गंज धरू लागतो. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गोव्यातील गाड्यांना हा धोका दुपटीने आहे.

मातीचाही यात वाटा आहे. बेळगाव, खानापूर, चोर्ला या बाजूची माती तांबडी, जांभ्याची. तिच्यातले बारीक खडे टणक असतात आणि कार्पेटच्या धाग्यांत रुतले की पॉलिश पेपरसारखे काम करतात. निपाणी-चिक्कोडीकडे काळी जमीन. ती कोरडी असताना धूळ आणि ओली असताना चिकट राब. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या चाकांनी शेतातून रस्त्यावर आणलेला चिखल तेथे सर्वांच्या परिचयाचा आहे. तांबडी माती घासून नुकसान करते, काळी माती ओल धरून. ट्रॅकवर जाण्याच्या आदल्या दिवशी गाडी व्हॅक्यूमने नीट साफ करणे हा म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय आहे. धुण्यापेक्षा कोरडी सफाई बरी. धुतलेले कार्पेट वरून कोरडे वाटले तरी खालचा फोम दोन-दोन दिवस ओला असतो.

पादत्राणांविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. निपाणी आणि अथणी ही कोल्हापुरी चपलेची गावे. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्हेही त्यात आले. सीमाभागाच्या वादात क्वचितच इतकी समसमान वाटणी झाली असेल. पण ही चप्पल पायात घालून मोटार चालवणे, आणि तेही वेगाने, सर्वस्वी अयोग्य आहे. तिला मागचा बंद नाही, त्यामुळे टाच सुटते; कातडी तळ कडक, म्हणून पेडलवर सटकतो; आणि तिची कडक कड कार्पेटला कापत जाते. ट्रॅकवर मागून बंद असलेले, पातळ तळव्याचे बूट लागतात. शर्यतीच्या बुटांची टाच मागे गोलाकार वर वळवलेली असते, ती याच कारणाने. पाय फिरताना बुटाची कड तळात रुतत नाही. असे बूट नसतील तर पातळ तळाचे साधे कॅनव्हासचे बूटही चालतात. जाड टाचेचे स्पोर्ट्स शूज मात्र नकोत.

सैल मॅट हा उपाय नव्हे

तळ झिजतो म्हटल्यावर पहिला विचार मॅटचा येतो. बेळगाव असो वा मडगाव, कार डेकॉरच्या कोणत्याही दुकानात आज सेव्हन-डी मॅटचा आग्रह होतो. चामड्यासारखे दिसणारे जाड आवरण, कडांनी उंच, सर्व तळ झाकणारे. रोजच्या वापरात ते बरे दिसते. पण अनेक जण मूळ कार्पेटवर कंपनीची मॅट, तिच्यावर सेव्हन-डी आणि तिच्यावर पुन्हा पाणी झटकण्यासाठी नूडल मॅट असा थरावर थर चढवतात. पावसाळ्यात त्यावर वर्तमानपत्राची घडी, किंवा वॉशिंग सेंटरने टाकलेला कागद. वरचा थर खालच्याला धरून राहत नाही. जोराच्या ब्रेकला चालकाची टाच मॅटला पुढे ढकलते आणि मॅटची कड ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली किंवा पेडलवर जाऊन बसते.

याचे परिणाम किती भीषण होऊ शकतात, याची नोंद अमेरिकेच्या वाहन इतिहासात आहे. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ टोयोटा समूहाची एक लेक्सस मोटार अनावर वेगाने धावत जाऊन कोसळली आणि आतील चारही जण मृत्युमुखी पडले. ती मोटार वितरकाने तात्पुरती वापरायला दिलेली होती आणि तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची रबरी मॅट ठेवलेली होती. त्या मॅटमध्ये पेडल अडकल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर महिन्याभरात कंपनीने सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाकडील मॅट काढून ठेवण्यास सांगितले आणि पेडलांचा आकार बदलण्याचे काम हाती घेतले. पुढे अमेरिकी सरकारने इलेक्ट्रॉनिक दोषाचा संशय तपासण्यासाठी नासाच्या अभियंत्यांनाही कामाला लावले. २०११ मध्ये निष्कर्ष आला, की तसा दोष आढळला नाही. अडकणारी मॅट आणि चिकटणारे पेडल हीच कारणे ठरली. अब्जावधींच्या उद्योगाला हादरा देणारी वस्तू रबराचा एक तुकडा होती.

म्हणून कोणत्याही ट्रॅकवर गाडीची तपासणी करणारे लोक सैल मॅट आधी काढायला लावतात. तिच्याबरोबर पाण्याची बाटली, छत्री, मोबाइलची वायर, आसनाखाली गेलेली गणपतीची मूर्ती, डिकीतला जॅक हेही निघते. आसनाखालून गडगडत आलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली, तर पुढचे वळण तिला दया दाखवत नाही. मॅट काढली की कार्पेट उघडे पडते आणि तेथूनच तळ जपण्याचा खरा प्रश्न सुरू होतो.

चकती, पट्टी आणि पत्रा

शुद्ध शर्यतीच्या गाडीत कार्पेट नसतेच. ते वजन वाढवते आणि आगीत पेटते, म्हणून काढून टाकलेले असते. चालकाच्या टाचेखाली ॲल्युमिनियमचा पत्रा घट्ट बसवलेला असतो आणि रॅलीच्या गाडीत शेजारी बसणाऱ्या नॅव्हिगेटरच्या पायांसाठीही तसाच तिरपा पत्रा असतो. कार्टमध्ये तर चालकाच्या पायांखाली केवळ एक पातळ तळपत्रा आणि टाच टेकवायला आडवा अडसर असतो. कोल्हापूरच्या ट्रॅकवर शिकलेल्या मुलाला ठाम टाच म्हणजे काय हे त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कळते. रोजच्या वापराच्या गाडीत इतके टोकाला जाण्याची गरज नाही.

वर्षातून दोन-तीन वेळा ट्रॅकवर जाणाऱ्याला शिवून बसवलेली टाचचकती पुरते. जाड, रेघांच्या रबराचा किंवा व्हायनिलचा वीतभर तुकडा घेऊन तो कार्पेटला चारही कडांनी जाड नायलॉनच्या दोऱ्याने शिवायचा. सीटकव्हर शिवणारे कारागीर निपाणीत आहेत, बेळगावात आहेत, फोंड्यात आहेत. त्यांच्या मशीनखाली कार्पेट येत नसेल तर आऱ्याने हातशिलाई होते. नुसते चिकटवणे मात्र टाळावे. ट्रॅकवर सायलेन्सरची नळी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक तापते आणि ती बहुतेक गाड्यांत तळाखालून, मधल्या बोगद्यासारख्या भागातून जाते. ती उष्णता तळापर्यंत पोहोचून दुहेरी टेप आणि साधा गोंद मऊ करते. सुटलेली चकती ही सैल मॅटइतकीच धोकादायक.

याहून अधिक वेळा जाणाऱ्याने पत्र्याचा विचार करावा. बसच्या पायरीवर असतो तसा उठावाचा चेकर्ड ॲल्युमिनियम पत्रा सर्वांच्या ओळखीचा आहे. कदंबच्या बसमध्ये चढताना तो रोज पायाखाली येतो. दीड ते दोन मिलिमीटर जाडी पुरेशी. साधारण फूटभर लांब-रुंद तुकडा, त्याची वरची कड पेडलांमागील चढत्या भिंतीच्या उताराप्रमाणे वाकवलेली, चारही कोपरे गोल केलेले आणि कडा कानशीने मोडलेल्या. बेळगावच्या उद्यमबागेत असे काम करणाऱ्या कारखान्यांना तोटा नाही. या शहराचे ॲल्युमिनियमशी नातेही जुने आहे. हिंडाल्कोच्या येथील कारखान्यात बॉक्साइटपासून अल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, तयार होते. गंमत अशी, की पत्र्यावर पाय घसरू नये म्हणून जी खरखरीत पट्टी लावतात, तिच्यावरचे कणही बहुधा याच ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात.

त्या खरखरीत पट्टीविषयी मात्र सावध राहिलेले बरे. जिन्याच्या पायऱ्यांना लावायची ही पट्टी पाय धरून ठेवते हे खरे, परंतु ट्रॅकवर टाच सरकू नये इतकेच पुरेसे नसते, ती जागच्या जागी फिरलीही पाहिजे. पूर्ण पत्रा खरखरीत केला तर टाच अडते, ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय नेण्यास क्षणभर उशीर होतो आणि बुटाची टाच एका मोसमात खाल्ली जाते. दोन-तीन अरुंद आडव्या पट्ट्या लावाव्यात. अनेकांना तर चेकर्ड पत्र्याचा मूळ उठावच पुरतो.

खरी मेख बसवण्यात आहे. मिस्त्री ड्रिल घेऊन सरळ तळाला भोके पाडायला निघाला, तर त्याचा हात धरावा. मोटारीच्या तळाखालून ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात, कार्पेटखालून वायरींचे जुडगे जातात, आणि आसनाखाली एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या असतात. एक चुकीचे भोक पुरेसे आहे. नळी वाचली तरी भोकाच्या कडेने गंज सुरू होतो. त्याऐवजी दोन मार्ग आहेत. पहिला, चालकाकडच्या कार्पेटवर मॅट अडकवण्यासाठी कंपनीने दिलेल्या खुंट्या किंवा हुक वापरणे. पत्र्याला त्या अंतरावर भोके पाडून तो तेथेच अडकवला तर गाडीच्या मूळ रचनेला हात लागत नाही. दुसरा मार्ग थोडा कष्टाचा पण अधिक भक्कम. कार्पेट सैल करून त्याच्या खालच्या बाजूला एक पातळ पट्टी ठेवायची आणि वरचा पत्रा, मध्ये कार्पेट, खाली पट्टी असे तिन्ही चपट्या डोक्याच्या बोल्टांनी आवळायचे. बोल्ट पोलादी तळापर्यंत पोहोचत नाहीत, पत्रा कार्पेटचाच भाग होतो आणि कार्पेट स्वतः आसनांनी व कडेच्या पट्ट्यांनी जखडलेले असल्याने काहीही सरकत नाही. नटांखाली नायलॉनचे वॉशर घालावेत. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते. किनाऱ्याजवळच्या गावात हा अनुभव खिडक्यांच्या चौकटींनीही दिलेला असतो.

बसवून झाल्यावरची तपासणी घाईत उरकू नये. इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा आणि एकदम सोडावा. तो कोठेही न घासता झटकन परत आला पाहिजे. दाबलेल्या अवस्थेत हाताने चाचपून पाहावे, पेडलची खालची कड पत्र्याला टेकता कामा नये. काही गाड्यांत ॲक्सिलरेटर वरून लोंबत नाही, तळालाच बिजागरीने जोडलेला असतो. तेथे पत्रा पेडलच्या बुडाशी थांबला पाहिजे, खाली शिरता कामा नये. क्लचही पूर्ण दाबून पाहावा, कारण त्याची चाल सर्वांत लांब असते. ब्रेकची तपासणी मात्र इंजिन चालू करून, गाडी जागेवर उभी असताना करावी. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल कठीण होते आणि ते कुठवर खाली जाऊ शकते हे कळतच नाही. पत्र्यामुळे टाच दोन-तीन मिलिमीटर वर उचलली जाते, तेवढ्यानेही पायाचा कोन बदलतो. ज्याला तो जाणवेल त्याने आसन एक खाच मागे-पुढे करून पाहावे. या सगळ्या चाचण्या ज्या बुटांनी ट्रॅकवर उतरायचे, तेच बूट घालून केल्या तरच उपयोगाच्या.

डाव्या पायाच्या विश्रांतीच्या जागेचे काम त्यामानाने सोपे आहे. तेथे पाय फिरत नाही, फक्त रेटा पडतो. जाड रबराचा तुकडा किंवा बाजारात मिळणारी तयार धातूची पट्टी दोन स्क्रूंनी मूळ प्लास्टिकवर बसवली की झाले.

घाट आणि ट्रॅक

चोर्ला, अनमोड किंवा आंबोली घाटातून बेळगाव-गोवा ये-जा करणाऱ्यांच्या गाड्यांतही टाचेचा खळगा इतरांपेक्षा लवकर पडतो. सततची वळणे, गिअरची चढउतार, ब्रेक आणि रेस यांचा तोच खेळ तेथे संथ गतीने चालतो. अशा गाड्यांना शिवलेल्या चकतीचा उपयोग ट्रॅकवर कधीही न जाणाऱ्यालाही होईल. मात्र घाटाला ट्रॅक समजणाऱ्यांसाठी हा लेख नाही. सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि चोर्ल्याच्या धुक्यात समोरून येणाऱ्या ट्रकला तुमच्या टाचेखाली कोणता पत्रा आहे हे ठाऊक नसते.

ट्रॅकवरून परतल्यावर पत्र्याचे बोल्ट एकदा हाताने तपासावेत. कंपनाने ते सैल होतात. पत्र्याच्या कडेने अडकलेली माती ब्रशने काढावी आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर एकेकदा कार्पेटचा कोपरा उचलून खाली हात घालून पाहावे. ओल लागली तर दारे उघडी ठेवून गाडी उन्हात लावावी, पंख्याचा झोत सोडावा, आणि पाणी दाराच्या रबरातून येते की एसीच्या तुंबलेल्या नळीतून, याचा शोध घ्यावा. उजवीकडचा कोपरा कोरडा आणि डावीकडचा, सहप्रवाशाच्या पायाशी असलेला ओला असेल, तर दोष बुटांचा नसून बहुधा एसीच्या नळीचा असतो. चकती किंवा पत्रा झिजण्यासाठीच असतो. चेकर्ड उठाव सपाट झाला की तो तुकडा भंगारात देऊन नवा कापून घ्यावा. जुनी भोके नव्या पत्र्यावर आखायला मात्र विसरू नये.